पक्ष सोडताना माणूस नेमकं काय सोडतो?

अर्धविराम

आमचे बाबा चाळीस वर्षं एकाच पक्षाला मत देत आले. पद कधी मागितलं नाही, पण निवडणूक लागली की याद्या काखेत मारून दारोदार हिंडायचे. मागच्या खेपेला मतदानाच्या दिवशी सकाळीच म्हणाले, "गुडघा धरलाय, आज काही जमायचं नाही." संध्याकाळी नेहमीसारखे तासभर फिरून आले. गुडघ्याचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही.

मी काही बोललो नाही, पण तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. त्यांचे विचार बदलले म्हणावं, तर आदल्याच महिन्यात त्याच पक्षाची बाजू घेऊन माझ्याशी तावातावाने भांडले होते (मी उलट बाजूने, हे वेगळं सांगायला नको). मग तुटलं ते काय?

आपण धरून चालतो की माणसाची आधी मतं बनतात आणि मग त्या मतांना जुळेल तो पक्ष तो निवडतो. जेफ्री कोहेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचे २००३ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग वाचले आणि माझं हे गृहीतक पार डळमळलं. त्याने अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे गरिबांना मदत देण्याच्या सरकारी योजना ठेवल्या. एक सढळ हाताची, एक हात आखडता घेणारी. कुणाचं नाव न लावता विचारलं तेव्हा उदारमतवाद्यांना सढळ आवडली आणि परंपरावाद्यांना आखडती. यात नवल नाही. पण "तुमच्या पक्षाचा या योजनेला पाठिंबा आहे" एवढं सांगितल्याबरोबर दोघांनीही कोलांटी मारली. उदारमतवादी आखडत्या योजनेची भलामण करायला लागले, परंपरावादी सढळ योजनेची. वर विचारलं की पक्षामुळे ठरवलंत का, तर म्हणे छे, आम्ही तपशील वाचून ठरवलं, बाकीच्यांचं मात्र तसं झालं असेल.

युक्तिवाद पटला म्हणून जर कोणी पक्षाला धरून राहत नसेल, तर युक्तिवादाने सुटेल तरी कसा? तुम्ही स्वतः किंवा तुमच्या ओळखीतलं कोणी तुटलं असेल तर कशाने, ते लिहा. आपापल्या पक्षांची नावं तेवढी घेऊ नका, नाहीतर पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

तिरकस

वादात हरला म्हणून पक्ष सोडला असा एक माणूस दाखवा, मी तुमच्या बाबांच्या पक्षाची पावती फाडतो. कृपया हलकेच घ्या.

जुनी_वही

टोळी जमवायला कारण लागतच नाही, ही यातली खरी गोम. हेन्री ताजफेल हा पोलंडचा ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात होता, जर्मनांच्या हाती सापडला, युद्धकैदी म्हणून वाचला. सुटून आला तोवर घरचं जवळजवळ कोणी उरलं नव्हतं. माणसं 'आपले' आणि 'परके' कशी ठरवतात हा प्रश्न त्याला पुस्तकातून पडलेला नव्हता.

१९७० साली त्याने ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पडद्यावर ठिपके दाखवायचे, किती होते ते ओळखायला लावायचं आणि मग सांगायचं की तू जास्त सांगणाऱ्यांतला, तू कमी सांगणाऱ्यांतला. वाटणी प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकल्यासारखीच होती. आपल्या गटात कोण आहे हे मुलांना माहीत नाही, स्वतःचा फायदा शून्य. नंतर दोन्ही गटांतल्या अनोळखी मुलांना बक्षिसाची रक्कम वाटायला सांगितली. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, इथवर ठीक. पण पुढच्या प्रयोगात, जिथे वाटणी चित्रांच्या आवडीवरून केल्याचं सांगितलं होतं, दोन्ही गटांना भरघोस मिळण्यापेक्षा आपल्याला थोडं कमी मिळालं तरी चालेल, समोरच्याला त्याहून कमी मिळायला हवं, या पर्यायाकडेही ती ओढली जात होती. ठिपक्यांवरून आणि चित्रांवरून!

आणि हे अजिबात नवं नाही. कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजचं इस्तंबूल) रथांच्या शर्यतीत 'निळे' आणि 'हिरवे' होते, एकमेकांच्या जिवावर उठलेले. सम्राट जस्टिनियन स्वतः निळ्यांचा पाठीराखा. इ.स. ५३२ मध्ये एका दंग्याबद्दल काही जणांना फाशी द्यायचं ठरलं, फास तुटला आणि दोघे वाचले. एक निळा, एक हिरवा. सम्राट माफी देईना म्हटल्यावर दोन्ही रंग एक झाले आणि त्यांनी अर्धं शहर पेटवून दिलं. आपल्याच पाठीराख्यावर निळे उलटले ते करांवरच्या चर्चेने नाही, आपला माणूस फासावर दिसला म्हणून.

अवांतर: शेवट वाईट झाला. दरबारी नार्सेस सोन्याची थैली घेऊन शर्यतीच्या मैदानात जमलेल्यांकडे गेला, त्याने निळ्यांमधले काही फोडले, ते निघून गेल्यावर सैन्य आत घुसलं. इतिहासकार प्रोकोपियस मेलेल्यांचा आकडा तीस हजार देतो.

भिंगरी

जुनी_वही, प्रतिसाद झकास. पण 'टोळी' हा शब्द मला खटकतो. दुसऱ्याची निष्ठा ती टोळी आणि आपली ती विचारधारा, असं होतं हो नेहमी.

उत्तर इंग्लंडमधला खाणकामगार मजूर पक्षाला मत द्यायचा, तो ठिपके मोजून नाही. पगारासाठी भांडणारी संघटना तीच, खाणीत अपघात झाला तर घरी येणारी माणसं तीच, सभेला नेतात तो बाप-आज्यांनी खांद्यावर वाहिलेला संघटनेचा झेंडाही तोच. ती निष्ठा अनुभवातून आली होती. ही माणसं २०१९ च्या निवडणुकीत तुटली तेव्हा लोक म्हणाले, ब्रेक्झिटने तोडली. मला वाटतं ब्रेक्झिटने फक्त चीर दाखवली. खाणी केव्हाच गेल्या होत्या. १९८४-८५ चा वर्षभराचा संप हरला, मग एकेक खाण बंद. संघटना गेली, संघटनेचा क्लब गेला, शेजारी पांगले. पक्षाचं नाव राहिलं, पण त्या नावामागची रोज भेटणारी माणसं नाही राहिली. उमेदवार परके वाटायला लागले, भाषणाचा सूर परका वाटायला लागला.

निकाल आठवतोय? ली हा मतदारसंघ १९२२ पासून मजूर पक्षाकडे होता, गेला. सेजफील्ड म्हणजे टोनी ब्लेअरची जुनी जागा, गेली. बोल्सओव्हरमध्ये डेनिस स्किनर, स्वतः जुना खाणकामगार, १९७० पासूनचा खासदार, तोही पडला. दुसऱ्या दिवशी जिंकलेल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा नेता बोरिस जॉन्सन बोलला त्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मतपत्रिकेवर फुली मारताना तुमचा हात थरथरला असेल आणि कदाचित हे मत तुम्ही आम्हाला उसनंच दिलं असेल, अशा अर्थाचं. एरवी त्याच्या बोलण्यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण हे त्याने अचूक पकडलं. आज्याने ज्या पक्षाला शिव्या घातल्या त्याच्यापुढे फुली मारायची म्हणजे काय ते तो हात सांगतो.

आणि २०१६ चं ब्रेक्झिटचं सार्वमत विसरू नका. तेव्हा मतपत्रिकेवर पक्षच नव्हते. आपल्या पक्षाचं न ऐकता मत द्यायची ती रंगीत तालीम झाली, तेही शत्रूपक्षाला मत न देता. एकदा तालीम झाली की पुढचं सोपं जातं.

तिरकस

२०२४ ला त्या भागातल्या बहुतेक जागा मजूर पक्षाकडे परत. उसनं फेडून झालं म्हणायचं.

भिंगरी

परत गेल्या त्या जागा, जुनी निष्ठा परतली असं मी म्हणणार नाही. उजवीकडची मतं दोन पक्षांत फुटली होती.

अंकगणित

भिंगरीताईंनी जागा आणि मतं वेगळी काढली, बरं झालं. 'मतदारांनी पाठ फिरवली' म्हणणारे जागा मोजतात आणि फसतात. कॅनडात १९८८ ला प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे १६९ खासदार होते, १९९३ ला उरले २. दोन! सगळे म्हणाले पक्ष संपला. पण मतं तेव्हाही १६ टक्के होती, ती देशभर विखुरल्यामुळे जागा आल्या नाहीत. क्युबेक प्रांतापुरत्या लढलेल्या ब्लॉक या पक्षाने त्याहून कमी मतांत ५४ जागा नेल्या. दाणादाण उडाली तरी सहातला एक जण जागचा हलला नव्हता.

आपल्याकडचं १९७७ घ्या. इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीत पडल्या, उत्तर प्रदेशात ८५ पैकी एकही जागा नाही, बिहारात ५४ पैकी एकही नाही. तरी देशभरात काँग्रेसला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मतं होती आणि दक्षिणेने तर भरभरून दिलं. आणीबाणी सगळ्या देशात होती, मग उत्तरच का तुटली? कारणं अनेक, पण सक्तीच्या नसबंदीचा वरवंटा उत्तरेत जास्त फिरला हे त्यातलं मोठं. वृत्तपत्रांची मुस्कटदाबी ही वाचणाऱ्याची तक्रार. रात्री माणसं उचलायला गाडी येते तेव्हा ती घराची तक्रार होते. आणि तीनच वर्षांत, १९८० ला, त्याच इंदिरा गांधी ३५३ जागा घेऊन परत. राग खरा होता आणि परतणंही खरं होतं.

माझा मुद्दा एवढाच की तुटणं ही एका दिवसाची गोष्ट नसते. कुरकूर असते, मग बाबांचा गुडघा असतो, मग तिसऱ्याच कुणाला मत, आणि खूप उशिरा, झालंच तर, समोरच्याला. बहुतेक जण मधल्या कुठल्यातरी पायरीवरून घरी परततात.

अर्धविराम

'बाबांचा गुडघा' ही आता पारिभाषिक संज्ञा झाली तर. भावना पोचल्या.

खडूस_आजोबा

तुमची पायऱ्यांची कल्पना ठीक, पण कधीकधी माणूस पक्षाचं देणं लागत असतो आणि ते फिटल्याशिवाय हलत नाही.

अमेरिकेतले कृष्णवर्णीय मतदार यादवी युद्धानंतर दोन पिढ्या रिपब्लिकन होते. का? तर लिंकनचा पक्ष. गुलामगिरी संपवणारा. घराघरात लिंकनची तसबीर. पुढे त्या पक्षाने त्यांच्यासाठी फारसं काही केलं नाही, दक्षिणेत त्यांचे मताधिकार डोळ्यांदेखत हिरावले गेले, तरी मत लिंकनलाच. १९३२ साली मंदीने कंबरडं मोडलं होतं. तेव्हा रॉबर्ट व्हॅन नावाचा एक कृष्णवर्णीय संपादक, पिट्सबर्ग कुरियरचा, भर सभेत म्हणाला की घरी जा आणि लिंकनची तसबीर भिंतीकडे तोंड करून फिरवा, ते कर्ज पुरतं फिटलं.

शब्द नीट बघा. तसबीर काढा म्हणाला नाही, फेकून द्या तर मुळीच नाही. खिळ्यावरच राहू द्या, फक्त फिरवा. ज्याला माणसं ओळखता येतात तोच असं बोलतो.

आणि तरी त्या वर्षी बहुसंख्य कृष्णवर्णीयांनी मत दिलं रिपब्लिकन हूवरलाच. तसबिरी फिरल्या १९३६ ला, रूझवेल्टच्या योजनांतलं काम आणि मदत पदरात पडल्यावर, ती तुटपुंजी आणि भेदभावाची असूनही. बरं, रूझवेल्टचा डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे तेव्हा दक्षिणेतल्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांचाही पक्ष. त्याच घरात हे शिरले! मग १९६४ ला नागरी हक्कांचा कायदा आला आणि त्याच वर्षी मिसिसिपीतल्या मतदारांनी, म्हणजे तेव्हा मत देऊ शकणाऱ्या जवळपास फक्त गोऱ्यांनी, त्या कायद्याला विरोध करणाऱ्या रिपब्लिकन गोल्डवॉटरला ८७ टक्के मतं दिली. ज्यांच्या आज्यांनी लिंकनच्या पक्षाला आयुष्यभर शाप दिले त्यांची ही नातवंडं. पक्षांच्या पाट्या तशाच, आतली माणसं अदलाबदल झालेली.

तेव्हा 'पक्ष सोडला' म्हणताना कुणी काय सोडलं ते आधी बघावं. त्या नातवंडांनी आपला कळप सोडलाच नव्हता. कळप सगळाच्या सगळा दुसऱ्या गोठ्यात गेला.

जुनी_वही

आजोबा, साष्टांग. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला रेगन १९६२ ला डेमोक्रॅटचा रिपब्लिकन झाला, तोही हेच सांगत फिरायचा की मी पक्ष सोडला नाही, पक्षाने मला सोडलं.

तिरकस

घटस्फोटात दोन्ही पक्षकार हेच म्हणतात.

मूकवाचक

सहा वर्षं नुसती वाचते आहे, आज लिहिते.

मी एका पक्षाचं काम केलं, अकरा वर्षं. रविवारी सकाळी आमची बैठक असायची. खरं सांगायचं तर बैठकीत काम अर्धा तास आणि उरलेले दोन तास नुसती माणसं. माझी आई गेली तेव्हा नातेवाइकांच्या आधी ही माणसं दारात होती.

एका निवडणुकीत आमच्या वरच्या एका नेत्याने विरोधी उमेदवार बाईंबद्दल भाषणात घाण विनोद केला. धोरणं, भ्रष्टाचार वगैरेवर माझे आक्षेप आधीही होते, मी ते गिळत आले होते. हा विनोद मात्र घशात अडकला. तरी तो नेता मला माफ करता आला असता. आमच्या ग्रुपवर ती चित्रफीत आली आणि त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एकेक नाव वाचत गेले. ज्यांनी आईला खांदा दिला त्यातल्या तिघांची नावं त्यात होती. मी लिहिलं, "हे बरोबर नाही." चाळीस जणांनी वाचलं. कोणी भांडलं असतं तरी चाललं असतं. थोड्या वेळाने कुणीतरी पुढच्या बैठकीची वेळ टाकली आणि सगळ्यांनी अंगठे दाखवले.

मी गेले नाही. कोणी विचारलंही नाही.

आता गंमत ऐका. त्या उमेदवार बाईंना मी मत दिलं का? नाही. बटणापर्यंत हात गेला आणि मागे आला. त्यांच्या पक्षाबद्दल अकरा वर्षं जे बोलले ते सगळं आठवलं. एका अपक्षाला दिलं, ज्याचं नाव आता आठवतही नाही. आज चार वर्षं झाली, मी कुठलीच नाही. विचार म्हणाल तर जवळजवळ तेच आहेत. रविवारची सकाळ तेवढी मोकळी आहे.

भिंगरी

मूकवाचक, लिहीत राहा.

खडूस_आजोबा

+१. असा एक अनुभव दहा सर्वेक्षणांना भारी.

अर्धविराम

मूकवाचकताई, तुमचा मागे आलेला हात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्यांबद्दलची माया संपली तरी परक्यांबद्दलचा तिटकारा शाबूत राहतो. अमेरिकेत १९६० मध्ये विचारलं होतं की मुलाने किंवा मुलीने विरुद्ध पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल का. 'हो' म्हणणारे दोन्हीकडे पाच टक्क्यांच्या आसपास. २०१० ला पुन्हा तसंच विचारलं तर रिपब्लिकनांपैकी जवळजवळ निम्मे 'हो' म्हणाले आणि डेमोक्रॅटांपैकी एक तृतीयांश. स्वतःच्या पक्षावर प्रेम उतू चाललंय असं तिथे कोणी म्हणणार नाही. वाढलाय तो समोरच्याचा राग. नाराज माणसाला आत कोंडून ठेवायला तेवढा पुरतो. म्हणून मला वाटतं, समोरचे जेव्हा 'हे सगळे अंधभक्त' किंवा 'हे सगळे विकले गेलेले' म्हणतात तेव्हा ते दाराला बाहेरून कडी घालत असतात.

तिरकस

बरोबर. पण आमची करमणूक कशी होणार?

बोरूबहाद्दर

सगळे मनाचं बोलताय, मी जरा कागदाचं बोलतो. मत गुप्त नसेल तर तुटणार कसं?

अमेरिकेत १८८० च्या दशकापर्यंत मतपत्रिका पक्षच छापायचे, बऱ्याचदा रंगीत. कुठल्या रंगाचा कागद पेटीत टाकलात ते अख्खा चौक बघायचा. इंग्लंडात तर उमेदवाराचं नाव मोठ्याने सांगायचं, जमीनमालक समोर उभा. गुप्त मतदान आधी ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींनी १८५६ मध्ये आणलं. ब्रिटनमध्ये कायदा १८७२ चा, आणि त्याखालची पहिली पोटनिवडणूक ऑगस्टमध्ये पाँटेफ्रॅक्टला झाली. पेटीच्या लाखेवर उमटवायला जवळच्या ज्येष्ठमधाच्या कारखान्यातला ठसा आणला होता म्हणे, ती पेटी अजून जपून ठेवलेली आहे. आपल्याकडेही पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची आणि त्या पडद्याआड ठेवाव्या लागत.

मला हा आडोसा फार मोठी गोष्ट वाटते. जगात बाकी कुठे आपल्या माणसांना कळू न देता त्यांची साथ सोडता येते, सांगा. १९९२ च्या ब्रिटिश निवडणुकीत जनमत चाचण्या मजूर पक्षाच्या बाजूने होत्या आणि जिंकला कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा जॉन मेजर. चाचण्या चुकण्याची कारणं बरीच निघाली, त्यात एक हेही होतं की कॉन्झर्व्हेटिव्हांना मत देणार हे सांगायला लोकांची जीभ रेटत नव्हती. आडोशात मात्र हात चालला.

रानवारा

आडोसा असूनही लोकांना वाटत राहतं की कळेल. पश्चिम बंगाल बघा. १९७७ ते २०११, चौतीस वर्षं डावी आघाडी. ग्रामीण भागात पक्ष म्हणजे फक्त मत मागणारा नव्हे. जमिनीचा तंटा, नवरा-बायकोचं भांडण, सरकारी कागद, सगळं पक्षाच्या कचेरीतून. तिथे पक्ष सोडायचा म्हणजे गावात राहून गाव सोडायचं.

२००६ ला आघाडीच्या २९४ पैकी २३५ जागा. पुढच्याच वर्षी १४ मार्चला नंदीग्रामला जमीन संपादनाविरुद्धच्या जमावावर पोलिसांचा गोळीबार, चौदा मृत्यू. ज्या पक्षाने बटाईदारांची नोंद करून कुळांना जमिनीवर हक्क दिला, तोच जमीन घ्यायला आला. आजोबांच्या भाषेत, कर्ज तिथे फिटलं. २०११ ला ६२ जागा. २०२१ ला शून्य.

माझं म्हणणं असं की अशा ठिकाणी एकेकटा माणूस सुटत नाही. आतून कुरकुरणारा प्रत्येक जण समजतो की आपण एकटेच आहोत. मग कुठेतरी एक पंचायत पडते आणि शेजारीही कुरकुरत होता हे कळतं. त्यानंतर गल्लीच्या गल्ली सुटते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एका रात्रीत कसे बदलले!

अंकगणित

रानवारा, पटलं. धाग्याच्या मूळ प्रश्नाला धरून एक जोडतो. स्वीडनमध्ये २०१० च्या निवडणुकीआधी संशोधकांनी लोकांकडून कर, आरोग्य, ऊर्जा अशा मुद्द्यांवर मतं भरून घेतली आणि हातचलाखीने काही उत्तरं उलटी करून कागद परत दिला. मग म्हणाले, तुमची उत्तरं समजावून सांगा. बदललेल्या उत्तरांपैकी जेमतेम पाचातलं एक लोकांच्या लक्षात आलं. बाकीच्या वेळी जे त्यांचं नव्हतंच ते त्यांनी मन लावून पटवून दिलं! शेवटी जवळपास निम्मे लोक दुसऱ्या आघाडीचा विचार करायला तयार दिसले. मुद्द्यांवर आपण एवढे ढिले असतो. घट्ट असते ती पाटी, आणि त्या कागदावर पाटी नव्हती.

तिरकस

म्हणजे मी सहा वर्षं इथे जे मुद्दे मांडतोय ते कुणीतरी हातचलाखीने...

खडूस_आजोबा

तुमचे मुद्दे बदलले तर कळेल आम्हाला. आधी असायला हवेत.

भिंगरी

धागाकर्ते, बाबांना शेवटी विचारलंत का?

अर्धविराम

नाही विचारलं. पण मूकवाचकताईंचा प्रतिसाद वाचल्यावर एक गोष्ट आठवली. बाबांच्या बरोबर याद्या घेऊन हिंडणारे एक काका होते, बाबांपेक्षा जुने. त्या निवडणुकीच्या आधी त्यांचं निधन झालं. पक्षाकडून कोणीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी एक मुलगा आला, तो मतदारयादीतून नाव कमी करायचा अर्ज घेऊन. बाबा तेव्हा तिथेच बसले होते. काकूंना अक्षर लागेना म्हणून तो अर्ज त्यांनीच भरून दिला.

काल पुढच्या निवडणुकीच्या याद्या तपासायचं काम आहे म्हणून त्यांना पक्षातून फोन आला होता. मी शेजारच्या खोलीत होतो. "बघतो," म्हणाले, "गुडघ्याचं जरा..."

मग थांबले, आणि म्हणाले, "नाही, गुडघा ठीक आहे."